कशावरून?

चाळीसगाव तालुक्यात सातमाळ्याच्या पायथ्याशी पाटणादेवी आहे. नवरात्रात तिथे रीघ लागते. आज जिथे जंगल आहे तिथे एकेकाळी पाटण नावाची नांदती बाजारपेठ होती, हे आपल्याला कळतं ते तिथल्याच एका शिलालेखामुळे. १८६५ साली डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. लेख शके ११२८ चा. ‘लीलावती’ आणि ‘सिद्धांतशिरोमणी’ लिहिणाऱ्या भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ पुढच्या विद्यार्थ्यांना शिकवले जावेत म्हणून त्याने पाटणला मठ काढला आणि इथल्या निकुंभ घराण्यातल्या सोइदेव व हेमाडिदेव यांनी त्या मठाला दान दिलं.

लेखाचा पुष्कळसा भाग संस्कृतात आहे. त्यात त्रिविक्रमापासून चांगदेवापर्यंतची वंशावळ येते, विद्वत्तेची थोरवी येते. पण मठाचा खर्च कुठून भागवायचा हा प्रश्न आला की लेख मराठीत उतरतो. पाटणच्या पेठेत माल विकला जाईल त्यावरचं राजाचं उत्पन्न मठाला द्यायचं, तेल्याच्या घाण्यामागे तेल द्यायचं, असा तो हिशेब आहे. मला या लेखाचा हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा. छत्तिसाव्या वर्षी त्यांनी सिद्धांतशिरोमणी पुरा केला. ग्रंथ तयार होता, कीर्ती होती, तरी नातवाला कळत होतं की एवढ्याने भागत नाही. पोरांनी बसून तो ग्रंथ शिकायचा तर दिव्यात तेल हवं आणि ते तेल कोणीतरी दिलं पाहिजे. पाटणच्या तेल्याला ग्रहगणित येत नसेल, पण त्याच्या घाण्यावर ते शिकवलं जात होतं.

पाटणची ही गोष्ट खरी कशावरून, तर शिलालेख आहे म्हणून. पुढच्या पिढ्यांनी देशाचा इतिहास का शिकावा, याचं मात्र ठरलेलं उत्तर आपल्याकडे अभिमान आणि प्रेरणा हे आहे. मला ते अपुरं वाटतं. अभिमानासाठी इतिहास शिकावा लागत नाही. त्याला मिरवणूक पुरते, चौकातला फलक पुरतो. इतिहास शिकलेल्या माणसाला एक सवय लागते. कोणीही कितीही मोठ्या आवाजात काहीही सांगितलं, तरी तो शांतपणे विचारतो, ‘कशावरून?’ ज्या देशात कोट्यवधी माणसं मतदान करतात आणि हातातल्या फोनवर रोज नवा भूतकाळ येऊन पडतो, तिथे ही सवय पाण्याइतकी गरजेची आहे.

ती सवय मराठी माणसाला लावण्यासाठी ज्याने आयुष्य वेचलं, तो माणूस ३१ डिसेंबर १९२६ रोजी आमच्या धुळ्यात वारला. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. मराठ्यांच्या इतिहासाचं त्या काळचं प्रमाण पुस्तक म्हणजे ग्रँट डफचं, १८२६ सालचं. त्यावर केवळ राग धरून उपयोग नाही हे राजवाड्यांनी ओळखलं. डफ चुकला म्हणायचं तर कागद दाखवला पाहिजे. म्हणून ते गावोगाव हिंडले. वाडे, मठ, कुलकर्ण्यांची घरं, जिथे दप्तर असेल तिथे गेले. कुठे वाळवीने कागद खाल्ले होते, कुठे ते रद्दीत निघाले होते, कुठे मालक दाखवायलाच तयार नसे. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि पुढे असे बावीस खंड झाले. पानिपतावर नुसतं रडण्याऐवजी त्या काळची पत्रंच त्यांनी वाचकाच्या हातात दिली. त्यांच्या मागे राहिलेल्या कागदांसाठी धुळेकरांनी १९२७ साली राजवाडे संशोधन मंडळ उभं केलं. एका जिल्ह्याच्या गावाने हे केलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

राजवाड्यांचंही सगळं खरं मानायचं कारण नाही. जातींविषयीची त्यांची मतं एकांगी होती. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंबद्दल त्यांनी जे लिहिलं त्याला प्रबोधनकार ठाकऱ्यांनी ‘कोदंडाचा टणत्कार’ लिहून सडेतोड उत्तर दिलं. राजवाड्यांनी डफला विचारलेला प्रश्न प्रबोधनकारांनी राजवाड्यांना विचारला. असंच व्हायला हवं. साधनं छापून सर्वांपुढे ठेवणाऱ्याने आपल्या स्वतःच्या चुका शोधायची सोयही करून ठेवलेली असते.

पण ज्यांच्या घरात दप्तरच नव्हतं, त्यांचं काय? खानदेशात हा प्रश्न टाळता येत नाही. १८१८ साली इंग्रजांचा अंमल आला आणि सातपुड्यातल्या, सातमाळ्यातल्या भिल्लांशी त्यांचा झगडा सुरू झाला. १८२५ मध्ये जेम्स औट्रमने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली. भिल्लांनाच भिल्लांवर बंदोबस्ताला लावलं. १८५७ साली खाज्या नाईक, भीमा नाईक यांनी उठाव केला. सेंधव्याच्या घाटात सरकारी खजिना लुटला गेला आणि एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणीला लढाई झाली. या सगळ्याचे कागद आहेत, पण ते लिहिले साहेबाने. त्यात खाज्या नाईक दरोडेखोर आहे. तोच कागद वाचून पोराला विचारता आलं पाहिजे, की हे लिहिणारा कोण, त्याचा पगार कोण देत होता, आणि ज्याच्याविषयी लिहिलं त्याला कोणी विचारलं होतं का?

हा प्रश्न केवळ वर्गातला नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलजमीन कसणाऱ्या आदिवासींना हक्क मागता येतो, पण १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून ताबा आहे हे दाखवावं लागतं. यावल, चोपडा, शिरपूर, साक्री या तालुक्यांतल्या पाड्यांवर माणसांना एका रात्रीत इतिहासकार व्हावं लागलं. दंडाची जुनी पावती असली तर नशीब. ज्या पावतीने बापाला गुन्हेगार ठरवलं तीच आता मुलाचा पुरावा झाली. पावती नसेल तर कायद्याच्या नियमांनी आणखी वाटा ठेवल्या आहेत. गावातल्या वडीलधाऱ्यांचा जबाब लिहून घेता येतो, देवाची जागा, दफनभूमी, जुन्या घराच्या खुणा दाखवता येतात. मग म्हातारा सांगतो, या नाल्याच्या अल्याड बापाने मोहाची झाडं राखून ज्वारी पेरली, त्या बांधाशी आजीला पुरलं. ज्याला आपल्या वडिलांचा भूतकाळ सांगता येतो त्याची जमीन वाचण्याची आशा असते. इतिहास माहीत असणं आणि नसणं यात इतकं अंतर आहे.

जुन्या कागदाची गरज अशी अचानक पडते. मोडी लिपीचंही तेच झालं. शाळांनी मोडी सोडून दिली तेव्हा जुन्या लिपीचा आता काय उपयोग, असं सगळ्यांना वाटलं. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीसाठी कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. मराठा आरक्षणाविषयी कोणाचं मत काहीही असो, लाखो कुटुंबांचा प्रश्न ज्या कागदांवर येऊन ठेपला ते कागद वाचणारी माणसं आपण पिढ्यानपिढ्या तयारच केली नव्हती.

दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात आता इतिहासलेखनावर धडे आहेत. राजवाड्यांचं नावही त्यात येतं. पुस्तक करणाऱ्यांचं त्याबद्दल कौतुकच करायला हवं. पण इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून पेपर चाळीस गुणांचा, आणि त्यात राजवाडे ‘टीप लिहा’पुरते उरतात. धुळ्यातल्या किती मुलांना वर्गातून उठवून राजवाडे मंडळात नेलं जातं? किती जणांना खराखुरा मोडी कागद हातात धरायला मिळतो? जळगावच्या किती मुलांना पाटणच्या शिलालेखाचा शेवट वाचून दाखवला जातो?

कागद वाचण्याइतकंच सांगितलेलं लिहून ठेवणंही महत्त्वाचं. १९३२ साली याच धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत अठरा रविवार. अमळनेरची मास्तरकी सोडून स्वातंत्र्यलढ्यात उतरलेले साने गुरुजी समोर बसून ते भराभर लिहून घेत. त्या बोलण्याची ‘गीता प्रवचने’ झाली, कारण ऐकणाऱ्यांत एकाच्या हातात लेखणी होती.

आज अशी लेखणी कुठे हवी आहे, ते मला स्पष्ट दिसतं. वनहक्काच्या दाव्यांना जोडलेले वडीलधाऱ्यांचे ते जबाब म्हणजे खानदेशच्या ज्या माणसांचा इतिहास कोणी लिहिला नाही, त्यांनी स्वतः सांगितलेला इतिहास आहे. ते दाव्यांबरोबर ग्रामसभेकडून उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हा समितीकडे गेले. दाव्याचा निकाल लागला की फाईल बंद होते. सांगणारे म्हातारे एकेक करून जात आहेत. जळगावचं विद्यापीठ बहिणाबाईंचं नाव लावतं. तिथल्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी ग्रामसभांची परवानगी घेऊन या जबाबांच्या नकला कराव्यात, पाड्यांवर जाऊन उरलेल्यांचं ऐकून घ्यावं आणि एकेक प्रत त्या त्या गावच्या शाळेत ठेवावी. राजवाडे दप्तरांसाठी पायपीट करत होते. हे दप्तर तर सरकारी कचेरीत आहे.