हृदयावरची रांगोळी

फराळाच्या ताटाशेजारी मी उंदराचे हृदय आणून ठेवतो आहे, याबद्दल वाचकांनी रागावू नये. ज्या घरात एखादे तरी म्हातारे हृदय गोळ्यांवर चालले आहे, त्या घराला हा विषय परका नाही.

हृदय नुसते मिटते आणि उघडते, असे आपण समजतो. खरे म्हणजे त्याची भिंत ठोक्यागणिक आखूड होते, जाड होते आणि ओले धोतर पिळावे तशी पिळली जाते. कोणता भाग किती आखडला हे मोजता आले, की दुखणे कोठे आहे ते कळते. १९३५ साली टेनंट आणि विगर्स यांनी कुत्र्याच्या हृदयाची रक्तवाहिनी बंद करून पाहिली. रक्त तुटलेला भाग थोड्याच वेळात आखडेनासा झाला. बाकीची भिंत आत येई, तेव्हा तो उलट बाहेर फुगे. पुढे मोजमापासाठी प्राण्यांच्या हृदयात धातूच्या खुणा बसवू लागले. १९८८ मध्ये झरहूनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या हृदयासाठी निराळीच युक्ती काढली: चुंबकीय चित्रणात स्नायूवरच काळ्या रेघा उमटवायच्या. स्नायू वाकला की रेघाही वाकतात. अंगणात रांगोळी काढावी आणि अंगणच हलू लागावे, तसे! ही युक्ती पुढे उंदरापर्यंत गेली. ना सुरी, ना टाका.

या 'ना सुरी'पाशी माझे मन अडते. चित्र घेताना उंदीर गुंगीत असतो, त्याला काही कळत नाही, हे खरे. पण चित्रात जे दुखणे शोधायचे, ते पुष्कळदा आपणच त्याला दिलेले असते. छाती उघडून, मिनिटाला ५०० हून अधिक वेळा उडणाऱ्या त्या हरभऱ्याएवढ्या हृदयाची वाहिनी दोऱ्याने बांधलेली असते. पाहणे सौम्य झाले, म्हणून पाहण्यासाठी केलेले कृत्यही सौम्य झाले काय?

रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये सांगितले की, शक्य तेथे प्राणी टाळा, संख्या घटवा, यातना कमी करा. त्या कसोटीला हे चित्रण उतरते. पूर्वी दर टप्प्याला वेगळे प्राणी मारावे लागत. आता तोच उंदीर आठवड्यामागून आठवडा पाहता येतो. हा लाभ मी हिणवणार नाही. माझ्याही हृदयाचे असे माप निघाले आहे आणि आकडा ऐकून मी समाधानाने घरी आलो आहे. तो आकडा विश्वासाचा, कारण ही मापे आधी प्राण्यांवर पडताळलेली आहेत. प्रयोग बंद करा, असे म्हणण्याचे तोंड मला नाही.

मला सलते ती भाषा. त्या उंदराला 'मॉडेल' म्हणतात, जणू तो माझ्या हृदयाची मातीची प्रतिकृती! त्याचे हृदय त्याचे स्वतःचे होते. आणि अखेरीस त्याला मारतात, त्याला इंग्रजीत शब्द आहे 'सॅक्रिफाइस'. बलिदान देणाऱ्याला निदान विचारलेले तरी असावे.

बहुधा ते मारणे असते शेवटच्या चित्रानंतर. हृदय काढतात, त्याचे पातळ काप करतात, रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. रेघांनी दाखवलेली जखम खरोखरच तेथे होती की नाही, हे पाहायचे असते.