आज्ञाधारक मुलांची सुरक्षितता

११ मार्च २०११ रोजी दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी जपानच्या ईशान्य किनाऱ्याला भूकंपाचा तडाखा बसला. इशिनोमाकी शहराच्या हद्दीतल्या ओकावा प्राथमिक शाळेतली मुले शिकवल्याप्रमाणे वागली. रांगेने पटांगणात आली, हजेरी झाली, आणि पुढच्या सूचनेची वाट पाहत थांबली. शाळा नदीकाठी, समुद्रापासून सुमारे चार किलोमीटर आत होती. मागे अगदी लागून डोंगर होता. त्याच्या उतारावर अळंबीची लागवड करायला ही मुले पूर्वी चढलेली होती. ‘डोंगरावर जाऊ या’ असे काही मुले म्हणत होती, हे वाचलेल्यांनी पुढे सांगितले. मोठ्यांचे मात्र ठरत नव्हते. पाऊण तासाच्या आसपास असाच गेला आणि अखेर सगळे निघाले ते पुलाजवळच्या उंचवट्याकडे, म्हणजे नदीच्याच दिशेने. शाळेच्या १०८ मुलांपैकी ७४ आणि तिथे असलेल्या ११ शिक्षकांपैकी १० त्सुनामीत गेले.

त्याच दुपारी उत्तरेकडच्या कामाइशी शहरात दोन शेजारच्या शाळांत, एक प्राथमिक आणि एक माध्यमिक, वेगळे घडले. नगरपालिकेच्या नकाशात या दोन्ही शाळा त्सुनामीच्या रेषेबाहेर होत्या. प्राथमिक शाळेतली मुले आधी वरच्या मजल्यावर नेली गेली. पण शेजारच्या शाळेतली मोठी मुले पळताना दिसली तशी तीही खाली उतरून त्यांच्यामागे धावली. ठरलेल्या जागी पोचल्यावर तिथली दरड ढासळताना दिसली, म्हणून सगळे आणखी वर गेले, आणि मग त्याहूनही वर. शाळेत हजर असलेली मुले वाचली. त्यांच्या देशात याला ‘चमत्कार’ म्हटले गेले, पण तो चमत्कार नव्हता. गुन्मा विद्यापीठातले आपत्तिशास्त्राचे प्राध्यापक तोशिताका कातादा तिथल्या शाळांना काही वर्षे शिकवत होते. त्यांचे नियम तीन: आधीच्या अंदाजावर विसंबू नका, त्या क्षणी शक्य ते सगळे करा, आणि दुसऱ्यांची वाट न पाहता आधी तुम्ही पळा. तिसरा नियम आपल्याकडच्या कुठल्याही परिपाठात बसणार नाही.

आपल्या प्राथमिक शाळांत सुरक्षिततेच्या नावाखाली जे सांगितले जाते, ते बहुतेक आज्ञापालनच असते. रांग मोडू नका, बाईंचे ऐका, अनोळखी माणसाशी बोलू नका, कुणी दिलेला खाऊ घेऊ नका. यातले काहीच चूक नाही, आणि रस्ता ओलांडताना तर आज्ञापालनच हवे. अडचण अशी की या सगळ्या उपदेशात धोका नेहमी बाहेरून येतो आणि मोठे माणूस नेहमी सुटका करणारे असते. वस्तुस्थिती उलट आहे. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली तेरा राज्यांतल्या बारा हजारांहून अधिक मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात लैंगिक अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास माणसे मुलाच्या ओळखीची किंवा त्याची जबाबदारी असलेली होती, आणि बहुतेक मुलांनी ते कुणालाही सांगितले नव्हते. ज्या मुलाला आपण मोठ्यांचा शब्द मोडायचा नाही एवढेच शिकवले, त्याला अनोळखी माणसापासून कदाचित वाचवले असेल. ओळखीच्याच्या हाती मात्र आयते सोपवले.

हे शाळेच्या आधी घरात घडते. पाहुणे येतात, चार वर्षांची मुलगी आईच्या मागे दडते आणि सगळे हसत तिला पुढे ढकलतात: ‘लाजतेस काय, काकांना पापी दे, चॉकलेट देणारेत ते.’ काका बहुधा निरुपद्रवीच असतात. पण आपल्या शरीराबद्दलचा आपला नकार विनोदाचा विषय असतो, हे ती मुलगी त्या दोन मिनिटांत पक्के शिकते. दोन वर्षांनी वर्गात चांगल्या-वाईट स्पर्शाचा तक्ता लागतो आणि ‘नाही म्हणा’ असे तिच्याकडून सुरात वदवून घेतले जाते. घर आणि तक्ता यांत मूल कुणावर विश्वास ठेवणार, हे सांगायला मानसशास्त्रज्ञ लागत नाही.

मुलांना मोठ्यांनाही ‘नाही’ म्हणायला आणि घडलेले सांगायला खरोखर शिकवावे, तर पहिला आक्षेप ठरलेला: अशाने मुले उद्धट होतील, शिक्षकांवर खोटे आळ घेतील. उद्धटपणाची भीती मला फारशी गंभीर वाटत नाही. प्रश्न विचारणारे मूल ज्याला उद्धट वाटते त्याच्याबद्दलच मुलांना सावध करायला हवे. खोट्या तक्रारीचा विचार मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याने २०१२ सालीच केलेला आहे: तशी तक्रार खुद्द मुलाने केली तर त्याला शिक्षा नाही, आणि ते योग्यच आहे. दुसरा आक्षेप निरागसतेचा. एवढ्या लहान वयात हे ऐकून मुले घाबरतील का, याचे उत्तर तपासून मिळालेले आहे. लैंगिक अत्याचारापासून बचाव शिकवणाऱ्या शाळांतल्या कार्यक्रमांच्या २४ अभ्यासांचा आढावा संशोधनांची एकत्रित छाननी करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१५ साली प्रसिद्ध केला. मुलांची भीती वा चिंता वाढल्याचा पुरावा त्यात आढळला नाही.

तिसरा आक्षेप मात्र हसण्यावारी नेता येत नाही. सात वर्षांच्या मुलाने चाळीस वर्षांच्या माणसाला रोखायचे, ही अपेक्षाच अन्याय्य नाही का? आहेच. तोच कॉक्रेन आढावा हेही सांगतो की या शिकवण्याने मुलांचे ज्ञान वाढते, पण प्रत्यक्ष अत्याचार कमी होतात असे सिद्ध झालेले नाही. वाढते ते सांगणे: धडा न मिळालेल्या हजार मुलांत चौघांनी आपल्यावरच्या अत्याचाराबद्दल तोंड उघडले, तर धडा मिळालेल्या हजारांत चौदा जणांनी. म्हणजे या धड्याचे फळ मुलाच्या प्रतिकारात शोधायचे नाही, त्याच्या बोलण्यात शोधायचे. आणि बोलणे वाया जाऊ न देणे हे पूर्णपणे मोठ्यांचे काम. ओकावात गेलेल्या मुलांच्या पालकांनी भरलेल्या खटल्यात सेंदाईच्या उच्च न्यायालयानेही २०१८ मध्ये जबाबदारी अशीच मोठ्यांवर धरली. शाळेच्या आपत्ती-नियमावलीत मुलांना कुठे न्यायचे याची धड जागाच नव्हती, हा दोष भूकंपाच्या आधीचा आणि शाळेसह शिक्षण मंडळाचा, असा तो निकाल होता. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयात तो कायम झाला. ‘मुलेच डोंगर का चढली नाहीत’ असे कुणी विचारले नाही.

बदलापूरला ऑगस्ट २०२४ मध्ये याच कसोटीवर आपण नापास झालो. बालवर्गातल्या दोन चिमुकल्या मुलींनी शाळेत आपल्यावर झालेल्या लैंगिक अत्याचाराबद्दल त्यांच्या वयाला जमेल तसे घरी सांगितले होते. त्यानंतर गुन्हा नोंदवून घ्यायला पालकांना तासन्‌तास ताटकळत ठेवले गेले, आणि २० तारखेला लोक रेल्वे रुळांवर उतरल्यावर यंत्रणा खडबडून जागी झाली. पॉक्सोच्या कलम १९ नुसार असा गुन्हा कळताच पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. त्या घटनेनंतर चर्चा सर्वाधिक रंगली ती सीसीटीव्हीची. कॅमेरे लावावेत, चालूही ठेवावेत. पण ते खरेदी करता येतात, निविदा काढता येते, म्हणून आपल्याला ते सोपे वाटतात. मुलाचे म्हणणे मध्येच न तोडता, ‘असं बोलू नये’ न म्हणता ऐकून घ्यायचे प्रशिक्षण प्रत्येक शिक्षकाला, शिपाईमामांना आणि व्हॅनवाल्या काकांना द्यायचे, तर त्याला वेळ लागतो आणि त्याचे उद्घाटनही होत नाही.

तेव्हा पुढच्या पालकसभेत गृहपाठाच्या आणि सहलीच्या चर्चेआधी एक प्रश्न जरूर विचारा: आमच्या मुलाला शाळेतल्याच एखाद्या मोठ्या माणसाविरुद्ध काही सांगायचे असेल, तर त्याने कुणाकडे जायचे? त्या व्यक्तीचे नाव लगेच मिळाले नाही, किंवा मिळाले पण मुलांना ते ठाऊक नसले, तर त्या शाळेत सुरक्षिततेचा धडा अजून झालेलाच नाही असे समजा.