शरीराचा तह

हत्तीरोगाची तपासणी रात्री होते. विदर्भातल्या गावांत जेवणं उरकायच्या सुमाराला आरोग्य कर्मचारी दारोदार फिरतात, बोटाला सुई टोचतात आणि रक्ताचा थेंब काचेच्या पट्टीवर घेतात. या अवेळी येण्याला कारण आहे. हा रोग घडवणाऱ्या वुचेरेरिया बँक्रॉफ्टी या जंताची पिल्लं दिवसा फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात. रात्री क्युलेक्स डास चावायला निघाले, की तीही कातडीजवळच्या रक्तात येतात. ती डासाची वाट पाहत असतात, तपासणीवाल्यांनाही मग तीच वेळ गाठावी लागते.

या पट्ट्या सूक्ष्मदर्शकाखाली एक कोडं घालतात. ज्याचा पाय सुजून खांबासारखा झाला आहे, त्याच्या रक्तात बरेचदा एकही पिल्लू सापडत नाही. ज्याच्या थेंबात ती दाटीनं दिसतात, तो मात्र दिवसभर धानाच्या बांधीत राबून आलेला धडधाकट गडी असू शकतो. जंत एकाच्या अंगात आणि रोग दुसऱ्याच्या पायात, असं कसं?

याचं उत्तर शोधताना प्रतिकारशक्तीबद्दलची आपली ठरलेली भाषा अपुरी पडते. पांढऱ्या पेशी म्हणजे सैनिक आणि रोगजंतू म्हणजे शत्रू, हे आपण शाळेत शिकलो. जिवाणूंच्या बाबतीत ते बरंचसं खरंही आहे. पेशी त्यांना गिळून पचवते. पण हत्तीरोगाची मादी आठ ते दहा सेंटिमीटर लांब असते आणि लसिकावाहिन्यांत पाच-सात वर्षं सहज राहते. आतड्यातला मोठा गोल जंत तर वीतभराहून लांब वाढतो. मुंगीनं अजगर गिळावा, तसा हा प्रकार होईल.

म्हणून जंतांसाठी शरीरानं वेगळी तयारी ठेवली आहे. आयजीई नावाची प्रतिपिंडं मास्ट पेशींना जागं करतात, त्या हिस्टामिन सोडतात. आतडं जास्त चिकटा स्रवतं, जोरानं आकुंचन पावतं आणि पाहुण्याला बाहेरची वाट दाखवतं. रक्ताच्या रिपोर्टात ज्यांचा ‘काउंट वाढलाय’ असं डॉक्टर सांगतात, त्या इओसिनोफिल पेशी अळ्यांना चिकटून विषारी प्रथिनं ओततात. अडचण एवढीच, की हे विष आपलं-परकं पाहत नाही. जंताबरोबर घरच्याच भिंतीही भाजतात.

अशा वेळी जुना, न हलणारा पाहुणा घरात असेल, तर दोन्ही बाजू एका अलिखित तहावर येतात. जंत प्रतिकार मंदावणारी द्रव्यं सोडत राहतो. शरीरही नियामक टी पेशींकरवी स्वतःलाच लगाम घालतं. बांधीत राबणारा तो गडी या तहावर जगत असतो. त्याच्या लसिकावाहिन्यांची हळूहळू हानी होतच असते, पण कांगावा नसतो. ज्याच्या शरीरात हा तह मोडतो, तिथे दाह होतो, वाहिन्या निकामी होतात, कातडीत जिवाणू शिरून पुन्हा पुन्हा ताप येतो आणि पाय जाडावत जातो. काहींचं शरीर याहून चवताळतं: पिल्लं रक्तात फिरकूच देत नाही, पण त्यापायी फुप्फुसं सुजतात, रात्री कोरडा खोकला उसळतो आणि इओसिनोफिल घनमिलिमीटरला 3,000 च्या वर जातात. लढाई जिंकली, पण रणांगण आपल्याच छातीत होतं.

कोविडच्या काळात घरोघरी काढे उकळले, तेव्हा ‘इम्युनिटी वाढवा’ हा मंत्र झाला होता. किती वाढवायची, हे कोणी विचारलं नाही. परागकणांनी शिंका येतात, शेंगदाण्यानं कुणाचा घसा सुजतो, तेव्हा तेच आयजीई आणि तेच हिस्टामिन काम करत असतं. समोर जंत मात्र नसतो. म्हणून काही संशोधकांनी जंतांची अंडी मुद्दाम देऊन ॲलर्जी शमते का, हेही पाहिलं. हाती फारसं काही लागलं नाही. जंतांचे गोडवे गाण्याचं कारणही नाही. आकडीकृमींनी रक्त शोषलेलं फिकट पोर पाहिलं, की तो मोह उतरतो.

तरी एवढं वाचून ‘सबुरी हेच शहाणपण’ असा धडा काढला, तर तोही अर्धवट ठरेल. कारण त्या तहाची किंमत तिसराच मोजतो. धडधाकट गड्याच्या रक्तातली पिल्लं डास उचलतो आणि शेजारच्या मुलाच्या अंगात सोडतो. शरीराचा हिशोब कातडीच्या आत संपतो. त्याला शेजार नसतो.

म्हणून हत्तीरोगाच्या गोळ्या सगळ्या गावाला वाटतात. डीईसी या जंतनाशक औषधाची गोळी गिळल्यावर ज्याला ताप भरतो, डोकं दुखतं, तो चिडतो: ‘मी बरा होतो, तुम्ही आजारी केलंत.’ त्याचं म्हणणं खोटं नाही. पिल्लं मरू लागल्यामुळे शरीर खवळलेलं असतं, वर्षानुवर्षांचा तह एका रात्रीत मोडलेला असतो. त्या रात्रीचा ताप तो शेजारच्या मुलासाठी सोसत असतो. हे त्याच्या पेशींना कधीच कळणार नाही. ओसरीवर बसून कुणीतरी ते त्याला समजावून सांगायला हवं.