भाजीभाकरीचे बळ

मांसाशिवाय अंगात बळ येत नाही, ही समजूत आमच्या पुष्कळ मंडळ्यांत घट्ट रुजली आहे. आजारातून उठलेल्याला सूप द्यावे, कष्टकरी मुलाला अधूनमधून मटण मिळावे आणि नाताळच्या ताटात मांस नसले तर यजमानाची अब्रू गेली, असे आम्ही मानतो. ह्यात मोठे पाप नाही. पण ह्या समजुतीच्या पोटात दुसरी एक समजूत लपलेली असते. आमच्यापैकी कोणी मांस सोडले, तर "हा मागे वळला की काय?" अशी शंका आम्ही घेतो. तेव्हा प्रश्न दोन आहेत. शाकाहारावर माणूस धट्टाकट्टा राहू शकतो का? आणि ख्रिस्ती माणसाने दुसऱ्याच्या ताटाकडे कोणत्या डोळ्यांनी पाहावे? हे प्रश्न आम्हांला मनावर येथे भेटले, आणि ते भेटले तेव्हा आम्ही चुकीच्या बाजूस बसलो होतो.

मनावर हे धार जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. विंध्याद्रीचा घाट उतरून नर्मदेकडे निघाले की निमाडचा तापलेला मुलूख लागतो, त्यात मान नदीच्या खोऱ्यात ते वसले आहे. शेतांत कापूस आणि मका, भोवती भिल्ल-भिलालांच्या वस्त्या. काही वर्षांपूर्वी तेथे नोकरीनिमित्त राहणाऱ्या एका मराठी कुटुंबात आम्ही प्रार्थनासभेस गेलो होतो. सभेनंतर पंगत बसली. आमच्या समोर त्याच घरचा पंचविशीतला मुलगा होता. तो वस्तीतल्या पोरांना रोज संध्याकाळी कबड्डी शिकवी. रस्सा वाढायला आला तेव्हा त्याने ताटावर हात आडवा धरला. "मी सोडले आहे," एवढेच तो म्हणाला. पंगतीत हशा पिकला. "मग कबड्डी काय गवत खाऊन खेळणार?" असे एकाने म्हटले. "आज मटण सोडलेस, उद्या प्रभूला सोडशील," असे दुसरा बोलला. तो दुसरा मनुष्य आम्हीच होतो. मुलगा खाली मान घालून डाळ-रोटला खात राहिला.

रात्री अंथरुणावर पडल्यावर त्याच्या वडिलांनी खरी हकीकत सांगितली. भिल्लांत काही कुटुंबे भगत म्हणवतात. त्यांनी मांस आणि दारू दोन्ही सोडलेली असतात. कबड्डीला येणारी निम्मी पोरे अशा घरांतली. मुलगा खेळानंतर त्यांना घरी बोलावी, पण ज्या घरात मांस शिजते तेथे जेवायला आया पाठवीत नसत. "दादा, आमच्याबरोबर तुम्हीही खाऊ नका ना," असे एक पोर सहज बोलून गेले. दुसऱ्या दिवसापासून त्याने सोडले. त्याच्या मनात ना व्रत होते, ना पुण्याचा हिशेब. प्रेषित पौलाने करिंथ येथील मंडळीला नेमके हेच लिहिले आहे : आपल्या खाण्याने भावाला अडखळण होत असेल, तर आपण मांसाला कधीच हात लावणार नाही. त्या उताऱ्यावर आम्ही अनेकदा उपदेश केला होता. तो उतारा समोर पाट मांडून जेवायला बसला, तेव्हा मात्र आम्हांला ओळखता आला नाही.

आता पहिला प्रश्न. त्या मुलाचे बळ गेले का? वडील म्हणाले की पहिले दोन-तीन महिने तो थकल्यासारखा दिसे. कारण सोपे होते. त्याने मांस सोडले, पण त्याच्या जागी काही घेतले नाही. रोटला, मिरचीची चटणी आणि चार वेळा चहा, एवढाच आहार राहिला. नुसत्या मक्यावर शरीर पोसत नाही. स्नायू घडवणारी जी द्रव्ये मक्यात कमी असतात, ती डाळीत भरपूर असतात. आणि डाळीत जे उणे असते ते धान्य भरून काढते. म्हणून आपल्या वाडवडिलांनी भाकरीशेजारी वरण मांडले, त्यात शहाणपण आहे. साठ किलो वजनाच्या प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम प्रथिने लागतात. अंगमेहनत करणाऱ्याला थोडी अधिक. शंभर ग्रॅम तुरीच्या डाळीत सुमारे २२ ग्रॅम, तितक्याच शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. भाकरी, वाटीभर घट्ट वरण, मोड आलेली मटकी, मूठभर दाणे आणि दूध-दही एवढ्याने हिशेब जमतो. पालेभाजीतले लोह अंगी लागावे म्हणून वर लिंबू पिळावे, आणि जेवणाबरोबर चहा घेऊ नये, कारण चहा ते लोह अडवतो. बी-१२ हे जीवनसत्त्व मात्र भाजी-धान्यात मिळत नाही. ते दुधा-दह्यातून किंवा अंड्यांतून घ्यावे लागते, आणि जो तेही घेत नाही त्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घ्यावी. मुलाने आहार असा सुधारला आणि त्याचा दम परत आला.

ज्यांना हे एकट्यादुकट्याचे उदाहरण वाटेल, त्यांनी आषाढातली वारी पाहावी. आळंदीहून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. साठी उलटलेल्या बाया डोक्यावर तुळस घेऊन ते अंतर पायी तोडतात, तेही भाजीभाकरीवर. १९७० साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत कुस्तीचे सुवर्णपदक मिळवणारे मास्टर चंदगीराम शाकाहारी होते.

पण आमच्या वाचकांना सर्वांत जवळचे उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. ख्रिस्ताला त्यांनी सर्वस्व दिले, तरी शाकाहार सोडला नाही. त्यांना धर्मशिक्षण देणाऱ्या भगिनींना ह्यात जुन्या जातीचा अभिमान उरल्यासारखे वाटे, आणि त्यावरून दोघींत पत्रव्यवहारही झाला. रमाबाई नमल्या नाहीत. मग त्या दुबळ्या राहिल्या का? १८९६-९७ च्या दुष्काळात ह्याच बाईंनी मध्य प्रांतात फिरून उपाशी मुली आणि विधवा गोळा केल्या, केडगावच्या माळावर मुक्ती मिशन उभे केले, शेकडो अनाथांचा संसार ओढला आणि आयुष्याची अखेरची वर्षे मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर करण्यात घालवली. ज्या भाजीभाकरीत काहींना विश्वासाची उणीव दिसली, तीच खाऊन त्यांनी हे सारे केले.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना येथे एक सूचना करावीशी वाटते. दानीएलाचा धडा शिकवताना आपण पुष्कळदा सांगतो की भाजीपाला आणि पाणी घेऊन तो राजाचे पक्वान्न खाणाऱ्यांपेक्षा सतेज झाला. ते खरेच. पण दहाव्या अध्यायात शोकाचे तीन आठवडे आपण मांस तोंडात घातले नाही, असे तोच सांगतो. म्हणजे एरवी तो खात असावा. तेव्हा दानीएलाचे बळ भाजीत नव्हते, तसेच ते मांसातही नव्हते. आपण कोणाचे आहोत, हे तो राजाच्या पंगतीतही विसरला नाही, ह्यात ते होते. हे सांगितले नाही, तर मुले शाकाहारालाच पवित्र मानतील आणि शेजारच्या मासे खाणाऱ्या पोराला हिणवतील. रोम येथील मंडळीला पौल दोन्हीकडून बजावतो : खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये, न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोषी ठरवू नये. आम्ही मनावरात पहिली चूक केली. दुसरी चूकही तितकीच मोठी आहे, आणि आपल्या देशात तिच्यापायी अनेकांचा अपमान झालेला आहे.

पण हे सगळे बोलताना एक गोष्ट लपवू नये. त्या पोरांपैकी काहींच्या घरी डाळ रोज शिजत नाही. हाताला काम नसले की आईबाप मजुरीसाठी गुजरातेत जातात, आणि मागे राहिलेली पोरे रोटला-चटणीवर दिवस काढतात. त्यांच्या अशक्तपणाला शाकाहार हे नाव देणे ही क्रूर थट्टा आहे. ज्याने सोडले त्याचा उपास होतो. ज्याला मिळालेच नाही त्याची उपासमार होते. देह पवित्र आत्म्याचे मंदिर आहे असे आपण शिकवतो, तर शेजारच्या पोराचे मंदिर पडके राहून आपले तेवढे रंगवलेले कसे चालेल?

पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा मनावरास गेलो. पंगतीत सर्वांदेखत बोललो होतो, म्हणून क्षमाही सर्वांदेखत मागितली. मुलगा हसून म्हणाला, "काका, ते जाऊ द्या. उद्या मैदानावर या." आम्ही गेलो. खेळ संपल्यावर त्याच्या अंगणात पंधरा-वीस पोरे बसली होती. मक्याचे रोटले, उडदाची डाळ, लिंबाची फोड. त्या दिवशी आम्हीही त्यांच्यातच बसलो.

आपल्या घराघरांत रोजच्या शिधातून प्रभूसाठी मूठभर धान्य बाजूला काढण्याची जुनी चाल आहे. ती जेथे मोडली असेल तेथे पुन्हा सुरू करावी, आणि त्या मुठीत धान्याबरोबर डाळही असावी. देवाने आपल्या अंगी बळ दिले असेल, मग ते मांसाने आलेले असो वा वरणभाकरीने, ते दुसऱ्याला उठवण्यासाठी दिले आहे. तशी बुद्धी तो आम्हां सर्वांस देवो.