घसारा

बी. कॉम.ला मला जे काही कळलं, त्यातली ‘घसारा’ ही एकच गोष्ट पुढे आयुष्यात उपयोगी पडली. आणि तीही बँकेत नव्हे. वस्तू वापरली की तिची किंमत दरवर्षी थोडी थोडी उतरते, ही उतरलेली किंमत म्हणजे घसारा. आमच्या हिला ही व्याख्या न वाचताच कळलेली असावी, असं ती माझ्याकडे ज्या नजरेनं बघते त्यावरून वाटतं. पण घसारा हा शब्द घासण्याच्या घरातला आहे, आणि काहीतरी घासल्याशिवाय या जगात काही वाजत नाही, हे मला कॉलेजात कोणी सांगितलं नाही. ते शिकवलं आमच्या काकांच्या ग्रामोफोननं.

काका साताऱ्याला एका कचेरीत हिशेबनीस होते. पस्तीस पैशांचा फरक शोधायला तीन रात्री जागवणारा माणूस. त्यांच्याकडे चावीचा, कर्णेवाला ग्रामोफोन आणि मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या एकशे बारा तबकड्या. मी उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांच्याकडे जायचो, तेव्हा आमच्या घरी कॅसेट आलेली होती. त्यामुळे ते यंत्र मला पिठाच्या गिरणीचं धाकटं भावंड वाटायचं. चावी द्या, नवी सुई बसवा, तीन मिनिटं ऐका. की पुन्हा चावी, पुन्हा सुई.

सुई दर गाण्याला नवी, ही काकांची चैन नव्हती. या तबकड्या लाखेच्या. (बँकेत पूर्वी थैल्यांना सील ठोकायचे तीच लाख. तिथे ती तोंड बंद करते, इथे उघडते.) त्या लाखेत दगडाची बारीक पूड घातलेली असते. पहिल्या काही फेऱ्यांत ती पूड पोलादी सुईचं टोक घासून खाचेच्या मापाचं करते. तीच सुई पुन्हा वापरली तर ती झिजलेल्या कडांनी तबकडीला ओरबाडते. म्हणजे आधी तबकडी सुईला घासते, मग सुई तबकडीला. काकूच्या मते संसाराचंही तसंच असतं. काका यावर काही बोलत नसत.

काका बोलत ते मुद्दलाबद्दल. “अरे, सुई नवी असली तरी प्रत्येक वेळी गाणं थोडं झिजतंच. लावणं म्हणजे मुद्दल खाणं!” म्हणून वर्षातून बैठका दोनच : गुढीपाडव्याला आणि दिवाळीच्या पाडव्याला. दर बैठकीला गाणी सात. एक कमी नाही, एक जास्त नाही. प्रत्येक गाण्याची वहीत नोंद : तारीख, तबकडीचा नंबर, शेरा. सातवं गाणं काकूच्या आवडीचं असे, १९४२ सालच्या ‘कुलवधू’ नाटकातलं, ज्योत्स्नाबाई भोळे यांच्या आवाजातलं. ते संपलं की काकू दरवेळी म्हणायची, “अहो, आणखी एकदा.” आणि काका दरवेळी म्हणायचे, “पुढच्या पाडव्याला.”

एकदा मे महिन्यातल्या दुपारी, काका कचेरीत असताना, अर्धवट झोपेत मला तेच गाणं ऐकू आलं. फार लांबून, कर्ण्यात टॉवेल कोंबल्यासारखं. उठून काकूला विचारलं, तर म्हणाली, “स्वप्न पडलं असेल तुला. आणि स्वप्नातलं कोणाला सांगू नये हो, भलतंच होतं.” मला तिनं त्या दिवशी दोन आंबे जास्त दिले. मीही त्याची वाच्यता केली नाही. लाच खाण्याचा माझा तेवढाच अनुभव.

काकू २०११ साली गेली. काका त्यानंतर दहा वर्षं होते, पण बैठक पुन्हा झाली नाही. ते गेल्यावर ग्रामोफोन, तबकड्या आणि ट्रंकभर वह्या माझ्या वाट्याला आल्या. एक संग्राहक गृहस्थ बघायला आले. प्रत्येक तबकडी ट्यूबलाइटखाली तिरकी धरून म्हणाले, “वा! जवळजवळ कोरी!” आणि दर सांगत गेले. एका तबकडीशी मात्र थांबले. खाचा पार पांढुरक्या पडलेल्या. “ही कामातून गेली. हिचं काही येणार नाही.” ती कुठली, हे सांगायला नकोच.

आता माणूस बँकेतला म्हटल्यावर त्याला वही आणि वस्तू यांचा ताळा जमला नाही तर झोप लागत नाही. मी हिशेब मांडला. १९६४ ते २०१० ही सत्तेचाळीस वर्षं, बैठका ९४, गाणी सात. म्हणजे सुया लागल्या ६५८. एका डबीत सुया २००. चार डब्यांत काम भागायला हवं. ट्रंकेत रिकाम्या डब्या निघाल्या अकरा. फरक १५४२ सुयांचा!

म्हणजे काकू साधारण दर अकराव्या दिवशी चोरून गाणं ऐकत होती. एकादशीपेक्षाही नेमानं. इथवर मला हसू आलं. मग मी घरखर्चाच्या वह्या काढल्या आणि हसू थांबलं. कारण त्या अकराच्या अकरा डब्यांची खरेदी काकांच्याच अक्षरात होती. साताऱ्यात सुया मिळेनाशा झाल्यावरची एक नोंद तर अशी : ‘सुया, १ डबी, चोरबाजार, मुंबई’, आणि खाली एस.टी.चं जाण्यायेण्याचं भाडं. २०११ नंतर एकही डबी नाही.

पस्तीस पैशांसाठी तीन रात्री जागणाऱ्या माणसानं १५४२ सुयांचा फरक सत्तेचाळीस वर्षं डोळ्यांसमोर ठेवला आणि शोधला नाही!

तेव्हापासून मला एक प्रश्न सतावतो आहे. जपणं म्हणजे प्रेम, की झिजवणं म्हणजे प्रेम? आपण मध्यमवर्गीय माणसं जपण्यात तरबेज. चांगले कप पाहुण्यांसाठी, चांगली साडी लग्नासाठी, आणि चांगले दिवस रिटायर झाल्यानंतरसाठी. माझ्या काउंटरवर मुलं आईच्या मुदत ठेवी मोडायला येतात. सोबत मृत्यूचा दाखला असतो. ठेव व्याजासकट शाबूत असते, फक्त ठेवणारी नसते. अशा वेळी व्हाउचर लिहिताना माझा हात जरा अडखळतो.

पण म्हणून काकूच्या पार्टीत सरळ जाऊन बसावं, तर तेही जमत नाही. गोहरजान यांनी १९०२ साली कलकत्त्यात आपल्या देशातली अगदी सुरुवातीची ध्वनिमुद्रणं केली, शेवटी स्वतःचं नाव इंग्रजीत खणखणीत सांगितलं. तो आवाज आज ऐकू येतो, तो कुणीतरी काकांसारख्या कंजूष माणसानं तबकडी जपली म्हणूनच. सगळेच काकूसारखे असते तर आपल्या हाती पांढुरक्या खाचा उरल्या असत्या. सगळेच काकांसारखे असते तर खाचा शाबूत राहिल्या असत्या आणि गाणं कुणाच्याच कानात नसतं.

तुम्ही म्हणाल, आता भांडण कशाला? मोबाईलवर तेच गाणं हवं तेवढ्या वेळा, घसाऱ्याशिवाय ऐका. खरं आहे. मीही ऐकतो, आणि जुन्या खरखरीत ‘ऊब’ असते म्हणणाऱ्यांपैकी मी नव्हे. खरखर ही भजी तळल्यासारखीच ऐकू येते. पण मोबाईलवरचं गाणं मी अर्ध्यात पुढे ढकलतो, कारण ते कुठे पळून जात नाही. काकूनं एकही गाणं अर्ध्यात सोडलं नसणार. तिला ठाऊक होतं, की हे ऐकणं कुठून तरी वजा होतं आहे.

आणि काका? त्यांनी सरळ “ऐक हवं तेवढं” का म्हटलं नाही? खूप विचार केल्यावर मला वाटतं, त्यांना आपला नियमही मोडायचा नव्हता आणि तिची दुपारही. तेव्हा त्यांनी नियम वहीत ठेवला आणि सुया कपाटात. हिशेबाच्या भाषेत याला अफरातफर म्हणतात. बँकेत असं कोणी केलं तर मी स्वतः वरिष्ठांकडे रिपोर्ट करीन. घरात असं करायची बुद्धी आणि धीर मला व्हावा, एवढीच इच्छा आहे.

काल रविवारी ही दुपारी झोपली होती. मी ती तबकडी काढली, चावी दिली, नवी सुई बसवली. भज्यांच्या घाण्यातून ज्योत्स्नाबाईंचा आवाज वर आला, बुडाला, पुन्हा वर आला. तीन मिनिटांत आणखी थोडी झिजली असेल. गाणं संपल्यावर आतल्या खोलीतून आवाज आला, “अहो, आणखी एकदा लावा ना.”

मी लावलं. वहीत नोंद केली नाही.