श्रद्धा आणि बुद्धि : रोमन मंडळीचें म्हणणें

आमच्या मंडळ्यांत पुष्कळांचा असा समज आहे कीं, रोमन क्याथलिक मनुष्यानें विचार करावयाचा नसतो; पोपानें सांगावें व त्यानें मान डोलवावी, एवढाच त्याचा धर्म. हा समज आम्हीहि एके काळीं बाळगीत होतों. तो खरा नाहीं. आणि शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊं नये ही आज्ञा मतभेद असलेल्या शेजाऱ्यासहि लागू आहे, म्हणून आज ह्या विषयास हात घालीत आहों.

व्हॅटिकन येथें भरलेल्या धर्मसभेनें २४ एप्रिल १८७० रोजीं असें ठरविलें कीं, निर्माण केलेल्या वस्तूंवरून मनुष्यास आपल्या स्वाभाविक बुद्धीच्या प्रकाशानें देवाचें निश्चित ज्ञान होऊं शकतें. जो हें नाकारील तो त्या सभेनें शापित ठरविला. म्हणजे बुद्धीस फार कमी लेखणें हाच तेथें अपराध! पौलानें रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पहिल्या अध्यायाचाच हा आधार आहे. मात्र त्रैक्य, देहधारण हीं सत्यें बुद्धीस आपण होऊन सांपडणारीं नव्हेत. तीं देवानें प्रगट केलीं म्हणून कळलीं. बुद्धि व प्रगटीकरण हीं दोन्ही एकाच देवाचीं दानें असल्यामुळें त्यांच्यांत खरा विरोध संभवत नाहीं, असेंहि त्या सभेनें म्हटलें.

येथें एक प्रश्न उठतो. देव आहे हें जर बुद्धीनेंच कळतें, तर तेंहि प्रगट करण्याची देवास काय गरज? तेराव्या शतकांतील इटालियन साधु थॉमस अक्वायनस ह्यानें ह्याचें जें उत्तर दिलें तें आम्हांस फार मोलाचें वाटतें. तो म्हणतो कीं, केवळ बुद्धीवर सोंपविलें असतें तर थोड्यांनाच देव कळला असता, तोहि दीर्घकाळानें, आणि पुष्कळ चुकांची भेसळ होऊन. कारण कित्येकांस तेवढी कुवत नसते आणि कित्येकांस संसाराच्या कामांतून सवड नसते. वाचकहो, जो पहांटे गुरांपाशीं जातो व रात्रीं अंग टाकतांच झोंपीं जातो, त्यानें तत्त्वज्ञान शिकेपर्यंत देवावांचून राहावें काय? एवढा मोठा पंडित, पण नांगरामागें चालणाऱ्यास तो विसरला नाहीं.

आमच्याच भाषेंत पाहा. थॉमस स्टीफन्स ह्या इंग्रज जेझुइटाचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं गोव्यांत छापलें गेलें. त्यांत श्रोते शंका काढतात व पाद्री त्यांचें समाधान करितो. शंका हेंच पाप असतें तर असें पुराण रचलें गेलें नसतें.

परंतु त्याच १६१६ सालीं रोम येथें कोपर्निकसाच्या ग्रंथावर, दुरुस्त होईपर्यंत, बंदी आली; आणि १६३३ त गॅलिलिओस गुडघे टेकवून आपलें मत सोडावयास लाविलें. आश्चर्य हें कीं, दोन सत्यें परस्परांविरुद्ध असूं शकत नाहींत, हें तत्त्व गॅलिलिओनेंच १६१३ च्या एका पत्रांत मांडलें होतें. तत्त्व दोन्ही पक्षांस मान्य! पण चूक शास्त्राचा अर्थ लावणाऱ्याची कीं दुर्बिणीची, हा निवाडा ज्यांच्या हातीं होता ते स्वतःच एक पक्षकार होते. आमच्या मतें खरें दुखणें तें हेंच. पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनीं त्या न्यायाधीशांची चूक ३१ ऑक्टोबर १९९२ रोजीं उघडपणें मान्य केली.

आम्हीं मात्र हंसूं नये. आमच्या ल्यूथरनें बुद्धीस जीं नांवें ठेविलीं तीं येथें छापण्याजोगीं नाहींत. आणि शाळेंतून आलेला मुलगा सृष्टीच्या उत्पत्तीविषयीं कांहीं विचारूं लागला म्हणजे, "गप्प बस, विश्वास ठेव," असें आमच्या किती घरांत म्हटलें जातें! तो गप्प बसतो खरा. पुढें उपासनेस येण्याचेंहि सोडतो.

थॉमसाविषयीं एक गोष्ट सांगावयाची राहिली. ६ डिसेंबर १२७३ रोजीं मिस्सा झाल्यावर त्यानें लेखणी खालीं ठेवली. कारण विचारतां, जें आपणांस दाखविण्यांत आलें त्यापुढें आपलें सर्व लिखाण पेंढ्यासारखें वाटतें, असें त्यानें सोबत्यास सांगितल्याचें त्याचे चरित्रकार लिहितात. कोणी ह्यास बुद्धीचा पराभव म्हणतात. आम्हांस तसें वाटत नाहीं. कणीस ताटावरच धरतें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. पुढील मार्च महिन्यांत तो वारला, आणि अपुरा राहिलेला त्याचा मोठा ग्रंथ त्याच्या मागें राहिलेल्यांनीं त्याच्याच जुन्या लिखाणांतून पुरा केला.