अजून नाही वाचलंस?

मित्रांनो, प्रस्थापितांचा हिशोब आपण रोज मागतो. आज थोडा आपलाच मागू. आपण एकमेकांना पुस्तकं सांगतो ती कशासाठी?

नागसेनवनात संध्याकाळी आम्ही पाच-सहा जण बसायचो. कोण काय वाचतोय, कुणी काय वाचलंच पाहिजे, हीच बोलणी. एक मित्र वाळूजच्या कारखान्यातून पाळी करून यायचा. एकदा बाबासाहेबांच्या जातिनिर्मूलनावरच्या पुस्तकावरून वाद रंगला होता. तो मधेच काही विचारायला गेला आणि मी म्हणालो, "अजून नाही वाचलंस? मग काय बोलायचं तुझ्याशी!" सगळे हसले. तोही हसला. पुढच्या आठवड्यापासून आला नाही.

ते पुस्तक म्हणजे 1936 सालचं न झालेलं भाषण. लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं सभाच रद्द केली, तेव्हा बाबासाहेबांनी ते स्वखर्चानं छापलं. बोलू दिलं नाही म्हणून छापलेलं पुस्तक. आणि त्याच पुस्तकाच्या जोरावर मी एकाचं तोंड बंद केलं. ही कुठली बांधिलकी?

कुणी म्हणेल, न वाचणारा कार्यकर्ता चळवळ बुडवतो. खरंय. वाचनाचा आग्रह मी सोडत नाही. पण आपल्या आज्या-आजोबांच्या वस्तीत एक जण 'जनता' मोठ्यानं वाचायचा नि अंगठेबहाद्दर ऐकायचे. त्यांना कुणी परीक्षा विचारली नव्हती. आम्ही मात्र नुसती नावं फेकतो. आता तर शंभर पुस्तकांची यादी मोबाईलवर पाठवून मोकळे होतो.

1907 साली बाबासाहेब मॅट्रिक झाले. सत्काराच्या सभेत केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांच्या हातात ठेवलं. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा हा पोरगा त्यांनी आधीच हेरला होता. पुस्तक वाचून पोरानं बापालाच धारेवर धरलं, की रामायण-महाभारत वाचून घेता, बुद्ध का नाही सांगितला? त्या पुस्तकापासून 1956 पर्यंत सरळ रेघ ओढणं भाबडेपणाचं होईल. पण गुरुजींनी आधी मुलगा पाहिला, मग पुस्तक दिलं, एवढं तर दिसतंच.

महिन्याभरानं मी पुस्तक घेऊन मित्राच्या खोलीवर गेलो. म्हटलं, चुकलं गड्या. त्यानं चहा टाकला आणि त्या दिवशीचा अर्धा राहिलेला प्रश्न पुरा केला. "एकाच मशीनवर आम्ही दोघं काम करतो. डब्याच्या सुट्टीत तो लांब जाऊन बसतो. याच्यावर काही लिहिलंय का त्यात?"

जात म्हणजे कामाची नव्हे, काम करणाऱ्यांचीच वाटणी, हे बाबासाहेबांचं म्हणणं मला तोंडपाठ होतं. हा ते रोज डबा उघडताना भोगत होता. मला काही बोलताच येईना.

पुस्तक अजून त्याच्याकडंच आहे. पानांना ग्रीस लागलंय म्हणून परत द्यायला लाजतो. परवा दुसरं घेऊन गेलो होतो. रात्री अकरापर्यंत वाचत बसलो, एक पान त्यानं, एक मी.